मडकं कोण धरणार

शुक्रवारी बुलढाण्याच्या कोर्टानं भागवतला दोषी ठरवलं आणि रविवारी सकाळी नऊच्या आत सुलतानपुरात आशाबाईच्या बैठकीत तिची सगळी माणसं गोळा झाली. भाऊ सुधाकर आणि लेक काजल बुलढाण्याहून पहिल्याच एस.टी.नं आले. थोरला गणेश शेतातलं काम टाकून आला. शिक्षा सोमवारी ठरायची होती. सरकारी वकिलानं सांगून ठेवलं होतं, की मयताच्या आईनं स्वतः उभं राहून फाशी मागितली तर आपण जोर लावू, नाहीतर जन्मठेपेवर भागेल. म्हणजे तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून गोष्ट फिरून आशाबाईच्याच पदरात पडली होती.

आशाबाईला त्याचं ओझं वगैरे काही वाटत नव्हतं. आपल्या मनातलं ठरवायला ती कधी कुणाच्या तोंडाकडे बघत बसली नाही, आणि हे तर केव्हाचंच ठरलेलं होतं. भागवत फासावर जायला पाहिजे. त्यात काय विचारायचं? तिनं सगळ्यांना चहा दिला, पदर खोचला आणि भावाला म्हणाली, "वाच आता."

सुधाकरनं तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेली. त्यानं रात्री बसून बहिणीसाठी कागद तयार केला होता. चष्मा पुसून तो वाचायला लागला. सदर आरोपीने सदर मयतास निद्रिस्त अवस्थेत गाठून अत्यंत निर्घृणपणे, वगैरे वगैरे. दीड पान ऐकून आशाबाईनं हात वर केला.

"हे मी बोलणार? मले 'सदर' म्हणता येते काय रे? जजबाई म्हणतीन, म्हातारीले कोणं पढवून पाठवलं."

गणेशला हसू आलं, पण त्यानं ते लगेच गिळलं. सुधाकर म्हणाला, अक्का, शब्द तुझे घाल, मुद्दे तेवढे सोडू नकोस. मुद्दे त्यानं बोटांवर मोजून दाखवले. झोपलेल्या माणसाला मारलं. आधी ठरवून मारलं. प्रेत लपवलं. आणि लपवून दोन दिवस तुमच्याच घरात येऊन जेवला.

हा शेवटचा मुद्दा आशाबाईला कुणी लिहून द्यायची गरज नव्हती. भागवत म्हणजे काही परका नव्हे. तिच्या नवऱ्याचा, वामनरावांचा, चुलतभाऊ तेजराव, त्याचा हा एकुलता एक. गल्लीच्या पलीकडे घर, शेताला शेत लागून, विहीर दोघांत एक. भांडण झालं ते त्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. पाळीवरून भांडण कुणाचं होत नाही? त्याच झटक्यात हात उठला असता तर आशाबाईनं कदाचित निराळा विचार केला असता. पण भांडण झालं सोमवारी, आणि गुरुवारी भर दुपारी लिंबाखाली झोपलेल्या तिच्या धाकट्या हर्षलच्या डोक्यात त्यानं कुऱ्हाड घातली. पडक्या विहिरीत लोटून वरून कापसाच्या पऱ्हाट्या टाकल्या. मग दोन दिवस सगळ्या गावाबरोबर हर्षलला हाका मारत फिरला. दुसऱ्या दिवशी आशाबाईच्या ओसरीवर पानावर बसला आणि म्हणाला, "मोठीमाय, सापडन तो, कुठीसा गेला असन." तिनं त्याला आणखी एक भाकर वाढली होती. ती भाकर आठवली की आशाबाईचं डोकं अजूनही भणभणायचं.

तिसऱ्या दिवशी भागवतची आई, कौसाबाई, एकटीच पोलिसांकडे गेली. गोवऱ्यांच्या ढिगात तिला लेकाचा रक्तानं भरलेला शर्ट सापडला होता. तो तिनं पिशवीत घालून नेला आणि टेबलावर ठेवला. पुढे कोर्टातही उभी राहिली आणि हो, हा शर्ट माझ्या लेकाचा, असं म्हणाली. खटला तिच्या साक्षीवर उभा राहिला, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं. तरी तीन वर्षांत दोन्ही घरांत एका शब्दाची देवाणघेवाण नव्हती.

गणेश म्हणाला, यात बोलण्यासारखं काय उरलं? जीव घेतला, जीव द्यावा. तुरुंगात बसून तो आयतं खाणार, चौदा वर्षांनी सुटून येणार आणि याच गल्लीतून हिंडणार. आपण काय त्याला रामराम घालायचा?

काजलला राहवलं नाही. ती शाळेत शिकवते, घरात आली तरी शिकवायचं सुटत नाही. तिनं दादाला सांगितलं, की चौदा वर्षांनी आपोआप कुणी सुटत नाही, जन्मठेप म्हणजे जन्माचीच असू शकते. आणि माणूस मारणं वाईट म्हणून तर आपण भागवतवर चिडलोय, मग तेच काम सरकारनं सकाळी उठून, अंघोळ करून केलं की चांगलं कसं होतं? गणेश म्हणाला, तुझा नवरा असा विहिरीत सापडला असता म्हणजे कळलं असतं. काजलचा चेहरा पडला. आशाबाईनं दोघांना गप्प केलं.

स्वयंपाकघराच्या दारात पूनम तांदूळ निवडत बसली होती. हर्षलची बायको, वय तीस. ती मधे बोलली नाही, पण काजल बोलली तेव्हा तिचा हात ताटात थांबला, ते आशाबाईनं पाहिलं. पूनमचं काय म्हणणं आहे हे विचारायचं कारण नव्हतं. या घरात सासू-सुनेचं एकमत दोनच गोष्टींवर होतं, आमटीत गूळ नको आणि भागवतला फाशी.

आता वामनराव. त्यांना कुठलीही गोष्ट सांगा, ते आधी गाडीचं विचारणार. पोरीचं लग्न ठरलं, गाडी किती वाजता? पुतण्याला नोकरी लागली, गाडी थेट आहे की बदलावी लागते? घरात त्यावरून सगळे हसायचे. मघापासून ते खिडकीशी खुर्ची टाकून ऐकत होते की नाही, देव जाणे. कागदाचं ठरलं, सोमवारच्या गाडीचं ठरलं, तेव्हा ते म्हणाले,

"फाशी कुठी देतेत? नागपूरले?"

सुधाकर म्हणाला, दाजी, आधी हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, मग दयेचा अर्ज. वर्षं जातील. पण दिली तर हो, बहुतेक नागपूरला.

"मंग आणायले गाडी कोणाची न्यायची?"

"काय आणायले, आबा?" गणेशनं विचारलं.

"काय म्हणजे? त्याले. भागवतले. तेजराव गेला. घरात गडीमाणूस नाही. कौसा काय एकटी नागपूरले जाईन काय?"

गणेश उठून उभा राहिला. म्हणाला, आपला काय संबंध, सरकारनंच मारायचा आणि सरकारनंच जाळायचा. वामनरावांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"संबंध कसा नाही? आठ महिन्याखाली तेजराव गेला, त्याचं मडकं कोणं धरलं?"

गणेशनं धरलं होतं. भागवत तुरुंगात, त्याला चार तासांसाठीही सोडलं नाही, आणि तिरडीपुढे विस्तवाचं मडकं घेऊन चालायला भावकीतलाच माणूस लागतो. सर्वांत जवळची भावकी वामनरावांची. वैर आपल्या जागी, मढ्याला काय त्याचं, असं म्हणून वामनरावांनी लेकाला पाठवलं होतं. गणेशनं मडकं धरलं, अग्नी दिला, डोकं भादरलं, दहा दिवस सुतक पाळलं आणि कौसाबाईशी एक शब्द न बोलता घरी आला. गावानं नावाजलं होतं त्याला.

सुधाकरनं चष्मा काढला. त्याच्या ऐकण्यात असं होतं, की राजदंडानं मेलेल्या माणसाचं सुतक लागत नाही, शास्त्रात तसं आहे म्हणे.

"शास्त्रात असन," आशाबाई म्हणाली. "पण गावात मढं येईन तवा शास्त्र येते काय खांदा द्यायले?"

हे ती बोलून गेली, आणि बोलता बोलता तिच्याच अंगावर काटा आला. कारण मडक्याचा विचार तिच्या मनात काही आजचा नव्हता. बापाला थोरल्यानं अग्नी द्यायचा, आईला धाकट्यानं, ही त्यांच्याकडची रीत. म्हणजे वामनरावांचं मडकं गणेशचं आणि आशाबाईचं हर्षलचं. हर्षल लहानपणी भांडला की म्हणायचा, मले बोलू नको, तुहं मडकं धरणार नाही मी. आणि ती हसायची. भागवतनं तिचा लेक नेला आणि तिचा तो शेवटचा रस्ताही नेला. म्हणून तीन वर्षं तिनं मनातल्या मनात एकच हिशेब धरला होता, जो तिनं नवऱ्यालाही सांगितला नव्हता. कौसाचंही मडकं धरायला कुणी नको. भागवत फासावर गेला की कौसा माझ्यासारखी होईल, तेव्हा फिटंफाट होईल. असं तिला वाटायचं आणि वाटून बरंही वाटायचं. खोटं कशाला बोला?

पण आता वामनरावांच्या गाडीनं तो हिशेब उधळला. भागवतचं मडकं गणेश धरणार. उद्या कौसा गेली की तिचंही गणेशच धरणार, दुसरं आहे कोण? ज्यानं धाकटा नेला, त्याच्या घरची सगळी मडकी थोरल्याच्या हातात, आणि दर वेळी डोकं थोरल्याचंच भादरायचं. मारायला सांगणार आपण, रडायला बसणार आपण. ही फिटंफाट कुणाची झाली?

"गणेश," ती म्हणाली, "इकडे पाय माह्याकडे. उद्या मी फाशी मांगतली अन् झाली त्याले फाशी. धरशीन त्याचं मडकं?"

गणेशनं आधी बापाकडे बघितलं, मग मामाकडे. अंगणात जाऊन थुंकून आला. परत येऊन दारातच उभा राहिला. मघाचा आवाज आता त्याच्याजवळ नव्हता.

"धरा लागन," तो म्हणाला. "गावात राहाचं आहे न, माय."

आशाबाईनं सुधाकरच्या हातातला कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. फाडला नाही. म्हणाली, मी हे नाही बोलणार. मी काय बोलायचं ते बोलीन.

काजलच्या चेहऱ्यावर उजेड पडला आणि तिनं आईचा हात धरायला हात पुढे केला. आशाबाईनं तिला तिथंच अडवलं. "तू जिंकल्यासारखी हसू नको. तुह्या पुस्तकातलं नाही हे. मी त्याले माफ नाही केलं."

ताट जमिनीवर आदळलं. तांदूळ बैठकीच्या उंबऱ्यापर्यंत सांडले. पूनम उभी होती.

"तुम्ही सगळे मडक्याचं पाहून राह्यले," ती म्हणाली. ओरडली नाही, तेच जास्त लागलं. "मी त्याले दोन दिवस चहा करून देला, आत्याबाई. माह्या नवऱ्याचं रगत धुऊन आलेल्या हातात कप देला. वहिनी, साखर कमी आहे म्हणला. मले तो जित्ता नाही पायजे. भावकीचं तुम्ही पाहा."

आशाबाई गुडघ्यावर हात देत उठली आणि सुनेसमोर जाऊन उभी राहिली. तिला पूनमचं चूक वाटलं नाही. उलट कालपर्यंत ती हेच बोलत आली होती.

"तुहं बराबर आहे," ती म्हणाली. "तू उद्या फाशी मांग. तुले हक आहे. मामा तुले कागद लिहून देईन. पण मी नाही मांगणार. आपण कोणाले पायलीभर देतो तवा वर ढीग होईस्तोवर शीग लावून देतो, पूनम. ते द्यायचं माप झालं. सजेच्या मापाले शीग लावली की ती आपल्याच अंगणात सांडते."

पूनम खाली बसून तांदूळ गोळा करायला लागली. आशाबाई मदतीला वाकली तर तिनं ताट आपल्याकडे ओढून घेतलं. त्या दिवशी तिनं सासूला वाढलं नाही, काजलनं वाढलं.

सोमवारी कोर्टात आधी पूनम बोलली. सुधाकरच्या कागदातला एकही 'सदर' न उच्चारता तिनं चार वाक्यांत फाशी मागितली आणि जागेवर येऊन बसली, सासूपासून दोन माणसं सोडून. मग आशाबाईचं नाव पुकारलं.

पिंजऱ्यात भागवत खाली मान घालून उभा होता. तीन वर्षांत निम्मा झाला होता. मागच्या बाकावर अगदी कडेला कौसाबाई बसलेली, मांडीवर शर्ट नेलेली तीच पिशवी. आशाबाईनं दोघांनाही नीट बघून घेतलं. मग जजबाईंना नमस्कार केला आणि म्हणाली, मले लिहिलेलं बोलता येत नाही, घरच्यासारखं बोलते.

"साहेब, यानं माहा धाकटा लेक मारला. आमच्याकडे मायचं मडकं धाकट्यानं धराचं असते. ते यानं नेलं. मी तीन वर्षं म्हणत होती, याच्याही मायचं मडकं धरायले कोणी नको. पण याले तुम्ही फाशी देली त याचं मडकं माह्या थोरल्यालेच धरा लागते. याच्या मायचंही त्यालेच. आम्ही भावकी आहो. मंग सजा कोणाले झाली? अन् दुसरं असं, की तिथं मागं बसली ते याची माय. ते खरं बोलली म्हणून हा आज तुमच्या हाती आहे. तिचं खरं तिच्याच लेकाच्या गयात फास करून नका अडकवू. मंग पुढं कोणती माय खरं बोलन?"

सरकारी वकील उठला. सगळ्यांना कळेल असं त्यानं विचारलं, म्हणजे आरोपीला तुम्ही क्षमा करता, असं लिहून घ्यायचं का?

"नाही," आशाबाई म्हणाली. "माफी बिलकुल लिहू नका. जलमभर ठेवा त्याले आत. फक्त एक करा. कौसा जाईन त्या दिवशी याले चार तास सोडा. पोलिस लावा, बेड्या ठेवा, पण आपल्या मायचं मडकं यानं आपल्या हातानं धरावं. गावानं पाहावं अन् यानं गावाले पाहावं. माहा गणेश नाही धरणार."

जजबाई म्हणाल्या, की शिक्षा कायद्यानं ठरते, कुणाच्या मागण्यानं नाही, आणि सोडण्याबिडण्याचा अर्ज त्या वेळी तुरुंगाकडे करावा लागतो. पण बाईंचं बोलणं जसंच्या तसं लिहून घ्या, असं त्यांनी सांगितलं. भागवतनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "मोठीमाय," एवढंच तो म्हणाला. आशाबाईनं त्याच्याकडे पाठ केली आणि ती खाली उतरली.

दुपारी तीनला निकाल झाला. जन्मठेप. पूनम उठून बाहेर निघून गेली. कौसाबाई जाग्यावरच बसून राहिली आणि आशाबाई तिच्या बाकाजवळून जाताना थांबली. म्हणाली, साडेचारची गाडी आहे मेहकरची, पुढं दुसरी भेटते, उशीर करू नको. एवढं बोलली आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण पण आता नवऱ्यासारखं गाडीचंच बोलायला लागलो.

स्टँडवर गणेश आबांना घेऊन फलाटाची पाटी शोधत होता. सुधाकर आणि काजल निरोप घेऊन गेले होते. पूनम एका खांबाला टेकून उभी होती, डोळे सुजलेले. आशाबाई तिच्यापासून चार हातांवर आपली पिशवी घेऊन बसली. तिनं सुनेला समजावलं नाही, बोलावलंही नाही. पटलं नसेल तर नसेल. माणसाला आपला राग आपल्यापाशी ठेवायचा हक असतो, असं तिचं मत होतं.

गाडी लागली. माणसांची रेटारेटी सुरू झाली तशी पूनम पुढे आली आणि सासूची पिशवी तिनं आपल्या हातात घेतली. चढायच्या आधी थांबली.

"मले पटलं नाही तुमचं, आत्याबाई. मरेस्तोवर पटणार नाही."

"ठाऊक आहे मले."

"पण तुमचं मडकं मी धरीन," पूनम म्हणाली. "ते दादाचं नाही. ते हर्षलच्या वाटचं आहे. बाईमाणूस म्हणून कोणी मधी आलं त त्याले मी पाहून घेईन."

आशाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तीन वर्षांत ती चारचौघांत रडली नव्हती, आता बुलढाण्याच्या स्टँडवर कंडक्टरच्या देखत रडली. मग पदरानं तोंड पुसून तिनं पायरीवर पाय ठेवला आणि सुनेचा दंड धरला.

"धर," ती म्हणाली. "पण घाई करू नको."